प्रोस्टेटचा कर्करोग आणि हार्मोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रुग्णांनी स्वतः कमी आणि त्यांच्या मुलांनी, सुनांनी, पत्नींनी जास्त पाठवले आहेत. बरेचसे रिपोर्ट हातात घेऊन, घाईत लिहिलेले. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. कोणतं औषध, किती आणि कधी, हे ज्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासलंय त्यांनीच ठरवायचं. इथे फक्त त्यामागचं कारण समजावून सांगायचा प्रयत्न आहे.

१. प्रोस्टेट म्हणजे काय, आणि तिचा हार्मोनशी संबंध तरी काय?

मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. मराठीत तिला पुरस्थ ग्रंथी म्हणतात. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग ती तयार करते. लहानपणी ती अगदीच छोटी असते. मुलगा वयात येऊ लागला, टेस्टोस्टेरॉन वाढलं, की ती वाढते, आणि पुढे आयुष्यभर याच हार्मोनच्या आधाराने टिकते. वयात येण्याआधी वृषणं काढली तर ती वाढतच नाही. खच्ची केलेल्या जनावरांत ही ग्रंथी आक्रसते, असं जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकातच नोंदवून ठेवलं होतं. प्रोस्टेटच्या पेशीला हार्मोनची ही सवय जन्माची आहे आणि ती पेशी कर्करोगाची झाली तरी बहुधा सुटत नाही. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

२. टेस्टोस्टेरॉन कुठे तयार होतं आणि पेशीत जाऊन काय करतं?

सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग एलएचआरएच नावाचं हार्मोन थांबून-थांबून, ठोक्याठोक्याने सोडतो. ते शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला पोचलं की ती एलएच हे दुसरं हार्मोन रक्तात सोडते. एलएच वृषणांत पोचलं की तिथल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. शरीरातलं ९० ते ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन वृषणांतून येतं. उरलेला थोडा वाटा मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचा. हा वाटा लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये तोच त्रास देतो.

प्रोस्टेटच्या पेशीत शिरल्यावर ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीमध्ये रूपांतर करतं. डीएचटी जास्त जोरकस. ते अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि काही जनुकं चालू करते. त्यात पेशीला वाढवणारी जनुकं असतात, आणि पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजता येणारं प्रथिन) बनवणारं जनुकही असतं. रिपोर्टवरचा पीएसए हा आकडा मुळात याच रिसेप्टरच्या कामाचा पुरावा आहे.

३. म्हणजे टेस्टोस्टेरॉन जास्त असलं की हा कॅन्सर होतो? काका म्हणतात, बाबांच्या अंगात पहिल्यापासून जोर जास्त, म्हणून झालं.

काकांना सांगा, तसं दिसलेलं नाही. २००८ साली जगभरातल्या १८ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त त्यांना हा कर्करोग जास्त, असं त्यातून निघालं नाही. वय, घराण्यात वडील किंवा भावाला हा आजार असणं, बीआरसीए२ सारख्या जनुकातला वारशाने आलेला दोष, ही कारणं कितीतरी मोठी आहेत. लैंगिक संबंध जास्त ठेवले म्हणून, किंवा ठेवले नाहीत म्हणून, असा दोष रुग्णाच्या माथी मारण्यात तर काहीच अर्थ नाही.

४. पण मग टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं की कॅन्सर आक्रसतो, हे कसं? दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. पूर्ण सुकलेल्या कुंडीत पहिला तांब्या पाणी घातलं की रोप तरारतं. दहावा तांब्या घातल्याने ते दहापट वाढत नाही, माती भिजायची तेवढी भिजलेली असते. प्रोस्टेटमधल्या रिसेप्टरचंही तसंच. ते एकदा भरले की वरचं टेस्टोस्टेरॉन जास्तीचं काम करत नाही. एका मांडणीनुसार हा भरण्याचा टप्पा दर डेसिलिटर रक्तात साधारण २५० नॅनोग्रॅमच्या आसपास येतो, आणि बहुतेक प्रौढ पुरुषांची पातळी त्याच्या वरच असते. त्यामुळे ४०० आणि ७०० यांत कर्करोगाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. ४०० वरून २० वर आणलं तर मात्र प्रचंड फरक पडतो.

५. "हार्मोन थेरपी" म्हणजे हार्मोन देतात ना? आईला पाळी गेल्यावर दिली होती तीच का?

नाही, आणि या नावाने फार घोटाळा केलाय. इथे हार्मोन देत नाहीत, तोडतात. "हार्मोन रोखण्याचा उपचार" म्हटलं असतं तर निम्मे प्रश्न आलेच नसते.

याची सुरुवात १९४१ ची. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांची वृषणं काढली, काहींना स्त्री-हार्मोन दिलं, आणि रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज हे, या आजारात वाढणारं एन्झाइम मोजत राहिले. ते उतरलं, आणि हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आराम पडला. एखादा कर्करोग हार्मोनच्या ओढीने चालतो आणि ती तोडता येते, हे माणसात प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं. हगिन्स यांना १९६६ चं नोबेल मिळालं.

६. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण हार्मोनचं औषध दिलंच नाही. डॉक्टर विसरले का?

बहुधा गरजच नाही. आजार ग्रंथीपुरता आणि सौम्य असेल तर नुसती नियमित देखरेख पुरते, किंवा ऑपरेशनने ग्रंथी काढतात. नुसतं हार्मोन रोखून कर्करोग मुळातून बरा होत नाही. तो उपाशी राहतो, त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात, काही दबा धरून बसतात. म्हणून हा उपचार दोन ठिकाणी येतो. एक, आजार पसरलेला असेल तेव्हा. दुसरं, मध्यम किंवा जास्त धोक्याच्या आजारात रेडिएशनच्या जोडीला. मध्यम धोक्याला साधारण ४ ते ६ महिने, जास्त धोक्याला दीड ते तीन वर्षं. रेडिएशनसोबत तीन वर्षं हार्मोन रोखल्याने जास्त रुग्ण जगतात हे १९९७ साली छापून आलेल्या एका युरोपीय चाचणीने दाखवलं, तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली.

७. इंजेक्शन बरं की वृषणं काढणं? आणि इंजेक्शन सुरू करण्याआधी पंधरा दिवस वेगळ्या गोळ्या कशासाठी?

परिणाम सारखाच. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली न्यायचं, जमल्यास २० च्याही. ऑपरेशन छोटं असतं, पातळी काही तासांतच कोसळते, आणि पुन्हा दवाखान्याच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. पण ते कायमचं, आणि मनाला लागणारं. आतला गर काढून वरची पिशवी आणि आवरण तसंच ठेवायची पद्धतही आहे, त्यामुळे बाहेरून फारसा फरक दिसत नाही. हे विचारायला पुरुष लाजतात, म्हणून इथेच लिहिलं.

इंजेक्शनचं गणित गमतीचं आहे. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही औषधं एलएचआरएचची नक्कलच आहेत. नक्कल करून हार्मोन कमी कसं होणार? तर खरं एलएचआरएच ठोक्याठोक्याने येतं, हे औषध अखंड येत राहतं. दारावरची बेल कोणी सतत दाबून धरली तर घरातले आधी धावतात, मग ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात. पिट्युटरीचं तसंच होतं. पण ते पहिलं धावणं महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तळाला जातं. मणक्यात आजार असेल तर ती वाढ धोक्याची. म्हणून बायकाल्युटामाइडसारखी गोळी आधी किंवा सोबत सुरू करून रिसेप्टर झाकून ठेवतात.

डेगारेलिक्सचं इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची रोजची गोळी पिट्युटरीचा रिसेप्टर सरळ अडवतात. त्यांत ही सुरुवातीची वाढ नाही, आणि पातळी काही दिवसांतच खाली येते. पण गोळी विसरली की हार्मोन लवकर परत वर येतं.

पायांत अचानक कमजोरी, सुन्नपणा, लघवी अडणं यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

८. बाबांचा पीएसए ८० होता, तीन महिन्यांत ०.४ झाला. बरे झाले ना?

आनंद करण्यासारखी गोष्ट आहे, जरूर करा. पण "बरे झाले" हा शब्द राखून ठेवा. प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं पीएसएचं जनुकच हार्मोनवर चालतं. हार्मोन तोडल्यावर पेशी मेल्यामुळे पीएसए उतरतो, आणि जिवंत पेशींनी तो बनवणं कमी केल्यामुळेही उतरतो. आकडा दोन्हींची बेरीज दाखवतो. तरीही पहिल्या काही महिन्यांत तो किती खाली गेला यावरून पुढचा अंदाज बराच बांधता येतो.

एक सवय लावून घ्या. पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही अधूनमधून तपासायला सांगा. समजा पीएसए ०.४ वरून २ झाला. टेस्टोस्टेरॉन १५ असेल तर कर्करोगाने वाट शोधली आहे. तेच १८० असेल तर इंजेक्शन चुकलंय, उशिरा झालंय किंवा नीट लागलेलं नाही. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि एकट्या पीएसएवरून ते कळत नाही.

९. टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्य आहे, तरी पीएसए वाढतोय. मग कॅन्सर जगतोय तरी कशावर?

याला "कॅस्ट्रेशनला (म्हणजे वृषणांचं हार्मोन तोडण्याला) न जुमानणारा" टप्पा म्हणतात. पूर्वी याला हार्मोनपासून स्वतंत्र झालेला आजार म्हणायचे. ते नाव आता मागे पडलं, कारण बहुतेकदा तो स्वतंत्र झालेला नसतो. उलट हार्मोनसाठी जास्तच हपापलेला असतो.

उपाशी पेशी काय काय करते पाहा. रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढवते, म्हणजे थेंबभर हार्मोनही पुरतं. ॲड्रिनलमधून येणारा कच्चा माल घेऊन स्वतःच आत डीएचटी बनवते. रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन नाही, गाठीत मात्र आहे. कधी रिसेप्टरमध्येच असा बदल होतो की दुसरं एखादं हार्मोन, इतकंच काय, अडवायला दिलेलं औषधसुद्धा त्याला चालू करतं. आणि कधी पेशी रिसेप्टरची अर्धवट आवृत्ती बनवते, जिच्यात हार्मोन चिकटायची जागाच नसते. एआर-व्ही७ ही त्यातली प्रसिद्ध. चावी लागतच नाही, कुलूप कायम उघडंच.

या टप्प्यातही मूळचं इंजेक्शन साधारणपणे चालूच ठेवतात. "काम करत नाही तर कशाला टोचता" असा सूर घरात निघतो, तो समजण्यासारखा आहे. पण ते बंद केलं तर वृषणांतला मोठा पुरवठा पुन्हा सुरू होतो.

१०. ॲबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड वगैरे गोळ्या काय वेगळं करतात? आणि सोबत स्टेरॉइड का?

ॲबिराटेरॉन २०११ साली आलं. ते सीवायपी१७ हे एन्झाइम अडवतं, म्हणजे वृषणं, ॲड्रिनल आणि खुद्द गाठ, तिन्हीकडचं उत्पादन बंद. त्यात ॲड्रिनलचं कॉर्टिसॉलही कमी होतं, मग पिट्युटरी ॲड्रिनलला जोरात हाकते आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स वाढतात. रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं, पाय सुजतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची छोटी मात्रा हे सगळं आवरते, म्हणून ते स्वतःच्या मनाने सोडायचं नाही. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणासोबत ती कितीतरी पटींनी जास्त शोषली जाते.

एन्झाल्युटामाइड (२०१२), ॲपाल्युटामाइड (२०१८), डॅरोल्युटामाइड (२०१९) ही उत्पादनाला हात लावत नाहीत, रिसेप्टरला अडवतात, त्याला केंद्रकात जाऊ देत नाहीत. एन्झाल्युटामाइडने थकवा येतो, क्वचित फिट येऊ शकते. पूर्वी फिट आली असेल तर आधी सांगा. ॲपाल्युटामाइडने अंगावर पुरळ उठू शकतं.

आता ही औषधं शेवटासाठी राखून ठेवत नाहीत. आजार पसरलेला आढळला की इंजेक्शनसोबत सुरुवातीलाच देतात, कारण तसं केल्याने आयुष्य वाढतं हे २०१७ पासूनच्या चाचण्यांनी दाखवलंय. काही रुग्णांना त्याच वेळी डोसेटॅक्सेलची केमोही देतात.

११. बायकाल्युटामाइड बंद केलं आणि पीएसए उतरला! लॅबची चूक?

चूक नसेलही. प्रश्न ९ मधला बदललेला रिसेप्टर आठवा, जो औषधालाच इंधन समजतो. औषध थांबलं की इंधन थांबतं. हे १९९३ साली फ्ल्युटामाइड या जुन्या औषधाच्या बाबतीत वर्णन केलं गेलं. थोड्याच रुग्णांत दिसतं आणि बहुधा काही महिनेच टिकतं. गोळी आपण होऊन बंद करून पाहायचा प्रयोग मात्र करू नका.

१२. इंजेक्शनपासून बाबा बदललेत. रात्री घामाघूम होऊन उठतात, चिडतात, कशात रस नाही. हे औषधामुळे की आजारामुळे?

बरंचसं औषधामुळे. छातीतून गरम वाफ मानेवर, चेहऱ्यावर चढते, घाम फुटतो, आणि दोन मिनिटांनी थंडी वाजते. पांघरूण फेकायचं, पुन्हा ओढायचं, असं रात्रीतून पाच-सहा वेळा. ज्यांच्या पत्नीने पाळी जाताना हे भोगलंय त्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. एरवी माणूस लाजेने बोलत नाही आणि झोप मोडल्याची चिडचिड सगळ्यांवर निघते. यावर औषधं आहेत, विचारा.

लैंगिक इच्छा जाते. ताठरता जाते ती वेगळी गोष्ट, इथे इच्छाच मावळते, आणि पत्नीला वाटतं आपल्यातच काही कमी पडलं. इंजेक्शन सुरू होण्याआधी हे दोघांना समोर बसवून सांगायला हवं. बऱ्याचदा सांगत नाहीत, आणि माझ्या मते या उपचारातली ती सगळ्यात मोठी कुचराई आहे.

न दिसणारे परिणाम जास्त घातक. हाडं पातळ होतात, म्हणून सुरुवातीला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास हाडांची औषधं. स्नायू घटतात, पोटावर चरबी चढते, साखर आणि कोलेस्टेरॉल वर जातं, हिमोग्लोबिन थोडं उतरतं. मन उदास राहतं. हृदयविकार आधीपासून असेल तर औषध निवडतानाच सांगा. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर एकाच वेळी चालणारा उपाय म्हणजे वजनं उचलण्याचा, ताकदीचा व्यायाम. नुसतं चालणं पुरत नाही. गोळीपेक्षा हा सल्ला गळी उतरवणं कठीण जातं, हे माहीत आहे.

१३. मध्ये थोडे महिने इंजेक्शन बंद ठेवलं तर? आणि तारीख चुकली तर?

पीएसए तळाला गेल्यावर थांबायचं आणि ठरावीक पातळीला चढल्यावर पुन्हा सुरू करायचं, अशी रीत आहे. रेडिएशननंतर फक्त पीएसए वाढलेला असेल तर अनेकांना ती मानवते. पसरलेल्या आजारात मात्र ती अखंड उपचाराइतकीच चांगली आहे असं २०१३ च्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं नाही. थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन परत यायला काही महिने लागतात. वय जास्त आणि इंजेक्शनं बरीच वर्षं झाली असतील तर ते पूर्वीसारखं कधीच येत नाही, असंही होतं.

तारीख चुकली तर लगेच कळवा. एक-दोन दिवसांनी सहसा बिघडत नाही, पण आठवडे गेले तर पातळी वर येऊ शकते, आणि मग प्रश्न ८ मधला गोंधळ होतो.

१४. मी केसांसाठी फिनास्टेराइड घेतो. पीएसए चांगला आहे. निर्धास्त राहू?

आकडा दुप्पट करून पाहा. फिनास्टेराइड ५-अल्फा रिडक्टेज अडवतं, डीएचटी घटतं आणि सहा महिने-वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. केसांच्या छोट्या मात्रेनेसुद्धा. वर्षभर घेत असताना दिसणारा २ हा खरा ४ च्या जवळचा. तपासणीच्या वेळी हे सांगायलाच हवं, पण "ती केसांची गोळी, ती काय सांगायची" म्हणून राहून जातं.

या औषधाची मुळं डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत आहेत. हे एन्झाइम जन्मतः नसलेल्या तिथल्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहते, हे १९७४ च्या सुमारास समोर आलं. २००३ मध्ये १८,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत फिनास्टेराइडने प्रोस्टेट कर्करोग सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला, पण त्या गटात जहाल प्रकार जरा जास्त आढळले. पुढे बराच काळ पाहिल्यावर मृत्यूंत फरक दिसला नाही. तरीही कर्करोग टाळायला म्हणून ते सहसा देत नाहीत.

१५. टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून जेल सुचवलंय. कॅन्सर होईल का?

खरोखर कमतरता असलेल्यांना जेल दिल्यावर प्रोस्टेटचा कर्करोग वाढला नाही, असं २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण पीएसए आधीच जास्त असलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. म्हणून आधी पीएसए पाहा, नंतरही पाहत राहा. पसरलेला कर्करोग असेल तर असं जेल आपल्या मनाने लावायचं नाही.

आता याचा अपवाद. हार्मोन तोडून उपाशी ठेवलेल्या, रिसेप्टर भरमसाट वाढवलेल्या कर्करोगाला अचानक भरपूर टेस्टोस्टेरॉन दिलं तर काही पेशी त्या पुरानेच मरतात. इंजेक्शन चालू ठेवून महिन्यातून एकदा टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस द्यायचा, अशा उपचाराच्या चाचण्या झाल्या आहेत. हा नेहमीचा उपचार नाही. हाडांच्या वेदना असलेल्या रुग्णाला तो धोक्याचा ठरू शकतो.

१६. पूर्वी स्त्री-हार्मोन द्यायचे ना? ते बंद का झालं?

कर्करोगावर चालायचं, पण पोटातून दिलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयाचे झटके वाढले. त्वचेवरच्या पट्टीतून दिलं तर यकृतावरचा पहिला मारा टळतो, म्हणून त्या वाटेने ते पुन्हा अभ्यासलं गेलं आहे. हाडं टिकतात हा त्याचा गुण, छाती वाढते हा दोष.

१७. पीएसए अगदी कमी आहे, तरी यकृतात गाठी आल्या. दुसरा कॅन्सर आहे का?

असू शकतो, पण आणखी एक शक्यता आहे. दीर्घकाळ रिसेप्टर दाबून ठेवल्यावर काही गाठी आपलं रूपच बदलतात आणि रिसेप्टर सोडून देतात. त्यांना न्यूरोएंडोक्राइन प्रकार म्हणतात. रिसेप्टर नाही म्हणून पीएसए नाही, आणि हार्मोनच्या औषधांना दादही नाही. वर बहुतेक गाठी हार्मोनला चिकटूनच राहतात म्हटलं, त्याला हा खरा अपवाद. इथे नव्याने बायोप्सी लागते, आणि उपचार केमोचा असतो.

१८. माझी सून गरोदर आहे. सासऱ्यांच्या गोळ्या तीच काढून देते. चालेल?

दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा. पोटातला मुलगा असेल तर त्याचे बाह्य जननेंद्रिय घडायला डीएचटी लागतं, आणि फिनास्टेराइड, ॲबिराटेरॉन नेमकं तेच अडवतात. गोळीवर आवरण अखंड असेल तर धोका कमी, पण फोडलेली, चुरा झालेली गोळी गरोदर बाईने हातात घेऊ नये. नाइलाज असेल तर हातमोजे घालावेत.